झाडू नको, सिस्टरांची कायम भरती हवी!

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात ३० सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२३ दरम्यान ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले. त्यात १६ बाळं होती. ३ ऑक्टोबरला खासदार हेमंत पाटील आले आणि त्यांनी आदिवासी समाजातल्या प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. पण त्या झाडूने एका तरी बाळाचा श्वास मोजला गेला का?

नवजात बाळाचा श्वास मोजायला पूर्ण एक मिनिट लागतं. मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, आत ओढली जाणारी छाती, थंड पडलेलं अंग, दूध न ओढणं. ही लक्षणं बहुतेकदा डॉक्टरांच्या आधी सिस्टरला दिसतात. तिने ती वेळेत टिपली, तरच डॉक्टर वेळेत पोहोचतो.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असा आहे. आता साधा हिशोब करा. एका सिस्टरकडे वॉर्डातले वीस रुग्ण दिले, आणि नाडी, श्वास, ताप, रक्तदाब नोंदवायला प्रत्येकी पाच मिनिटं धरली, तर एक फेरी शंभर मिनिटांची होते. सलाईन, इंजेक्शन वेगळंच. मधल्या वेळेत पहिल्या खाटेवरचा रुग्ण ढासळला, तर दोष सिस्टरचा की पदं रिकामी ठेवणाऱ्यांचा?

नांदेड असो की लातूर, सरकारी दवाखान्यात येतो कोण? बौद्ध, मातंग, आदिवासी, भटके, ऊसतोड कामगार. पैसेवाला खाजगीत जातो. म्हणून रिकामं पद हा आमच्यासाठी जातिवर्गाचा प्रश्न आहे. त्याच सप्टेंबरमध्ये सरकारने नऊ खाजगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला होता. विरोधामुळे ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. कंत्राट आलं की आरक्षणही जातं आणि सिस्टरची नोकरीची शाश्वतीही. जिची नोकरी टांगणीला, ती वरिष्ठांना 'माणसं कमी आहेत' हे कसं सांगणार?

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलंय की, सरकारी दवाखान्यात वेळेवर उपचार न मिळणं हा कलम २१ चा भंग आहे. तेव्हा तरुणांनो, नुसत्या श्रद्धांजलीच्या पोस्टवर थांबू नका. आपापल्या जिल्ह्यात माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: परिचारिकांची मंजूर व भरलेली पदं, वॉर्डनिहाय ड्युटी तक्ता, आणि बिंदुनामावलीनुसार अनुशेष. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. ते घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयावर धडकू या, सिस्टरांना सोबत घेऊन.

जय भीम!