पाऊस लांबला, म्हणजे उन्हाळाही लांबला

जून लागला की आपण मुंबईकर मनाने पावसाळ्यात जातो. छत्र्या निघतात, मुलांचे रेनकोट येतात, खिडकीवर ताडपत्री लागते. पाऊस मात्र कॅलेंडर बघून येत नाही. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०१९ आणि २०२३ या दोन्ही वर्षी तो आला २५ जूनला. मधल्या दोन आठवड्यांना काय म्हणायचे? माझे स्पष्ट मत आहे, त्याला उन्हाळाच म्हणायचे, आणि तोही जास्त त्रासाचा.

अशाच एका जूनमध्ये साठीच्या एक मावशी दवाखान्यात आल्या. पत्र्याखालची खोली, रक्तदाबाची गोळी चालू. "डॉक्टर, चार दिवस नुसतं गळून गेल्यासारखं होतंय. उठलं की चक्कर येते. एक सलाईन लावा." पाणी किती पिता, असे विचारले. "दोन-तीन ग्लास. संडास खाली आहे हो, सारखं कोण उतरणार?" त्यांचा रक्तदाब उभे राहिल्यावर बराच खाली जात होता. घरच्यांनी वय, अशक्तपणा, गोळी अशी सगळी कारणे शोधली होती. उष्णतेचा विचार कुणाच्याच मनात आला नव्हता, कारण बातम्यांत तापमान ३४ अंश होते. "नागपूरला बघा, तिथे पंचेचाळीस असतं!"

इथेच आपली गफलत होते. घाम आला म्हणजे शरीर थंड झाले, असे नाही. घाम वाळला तरच शरीर थंड होते. कोरड्या हवेत तो चटकन वाळतो. मुंबईच्या जूनमध्ये हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे घाम नुसता गळतो. पाणी जाते, मीठ जाते आणि उष्णता आतच राहते. तापमान ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर शरीराला ते सुमारे ४१ अंशांसारखे जाणवते. त्यात रात्रीही पारा २८-२९ च्या खाली उतरत नाही. दिवसभर तापलेल्या शरीराला सावरायला जी रात्र हवी, तीच मिळत नाही.

किनारपट्टीवर उष्णतेच्या लाटेचा विचार पारा ३७ अंशांवर गेल्यावर सुरू होतो. जूनमध्ये तो सहसा तिथवर जात नाही. हवामान खाते हल्ली 'उष्ण व दमट' असा इशारा देते, पण आपण तो वाचतो आणि "मुंबईत हे नेहमीचंच" म्हणून पुढे जातो. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. आपल्याकडे जूनच्या मध्यावर मुले दप्तर घेऊन कोंदट वर्गात बसतात. पाऊस लांबला की धरणांतला साठा घटतो आणि पाणीकपात येते. २०२३ मध्ये १ जुलैपासून १० टक्के कपात झाली. म्हणजे दोनदा अंघोळीची गरज असते, नेमका तेव्हाच नळ लवकर जातो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: पाऊस नीट स्थिरावेपर्यंत उन्हाळ्याचे नियम सोडू नका. एक वळवाची सर पडली म्हणजे पावसाळा आला, असे समजू नका. सर थांबून ऊन पडले की दमटपणा आणखी वाढतो.

तुम्ही काय कराल?

• तहान लागण्याची वाट पाहू नका, थोडे थोडे पाणी पीत राहा. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, तर किती पाणी प्यायचे ते डॉक्टरांना विचारा.
• घाम खूप गेला असेल तर मीठ घातलेले ताक, लिंबू सरबत किंवा ओआरएस घ्या. घरी करायचे तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चहाचा चमचा).
• रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. चक्कर येत असेल तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, दाखवायला या.
• मुंबईत पाण्याचा कूलर फारसा कामाचा नाही. तो खोलीतला दमटपणा वाढवतो. पंखा, समोरासमोरच्या उघड्या खिडक्या आणि अंगावरून फिरवलेला ओला पंचा जास्त उपयोगी.
• खिशात कांदा ठेवून ऊन लागायचे थांबत नाही. कांदा भाकरीबरोबर खा!

आणि एक गोष्ट पाठ करा. उष्णतेत एखादा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, बेशुद्ध झाला आणि अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात समजा. अंग घामाने ओले असले तरीही. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, मानेला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे काम करत नाही.

शेवटी, हा प्रश्न एकट्या रुग्णाचा नाही. मावशींना "पाणी प्या" एवढे सांगून मी सुटू शकत नाही, कारण त्यांची अडचण संडासाची होती. लोकलने दीड तास प्रवास करणाऱ्या बायकाही याच कारणाने पाणी टाळतात. तुमच्या सोसायटीचा वॉचमन पत्र्याच्या केबिनमध्ये बारा तास बसतो. त्याला पंखा, गार पाणी आणि संडासाची किल्ली मिळते का, हे आज खाली उतरून बघा. त्याला खर्च फारसा येत नाही. पाऊस कधी येणार ते आपल्या हातात नाही, पण एवढे नक्कीच आहे.