औषधाच्या बाटलीला लेबल, महाविद्यालयाला का नाही?

ग्राहक संरक्षण कायदा आपल्या व्यवसायाला नवा नाही. 1995 मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्याच्या कक्षेत आणली. तेव्हापासून रुग्णपत्रक, संमतिपत्र व पावती यांची शिस्त आपण पाळत आलो आहोत. औषधनिर्मात्यांचे बंधन त्याहून काटेकोर आहे. नियम 161 प्रमाणे आसवाच्या बाटलीवरही घटकद्रव्ये, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व निर्मितीची तारीख छापावी लागते. ज्या महाविद्यालयात वैद्य घडतो, त्याच्यावर मात्र विद्यार्थ्याप्रती असे कोणते बंधन आहे?

न्यायालयांचे उत्तर एकसारखे नाही. बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेजच्या प्रकरणात, मान्यता व संलग्नता नसताना ती असल्याचे भासवून प्रवेश दिल्याबद्दल संस्थेला जबाबदार धरणारा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये कायम केला. त्याच वर्षी बिहार शालेय परीक्षा मंडळाच्या, आणि 2010 मध्ये महर्षी दयानंद विद्यापीठाच्या खटल्यात मात्र, परीक्षार्थी वा विद्यार्थी हा ग्राहक नव्हे, असे ठरले. पुढे 20 जानेवारी 2020 रोजी मनू सोळंकी प्रकरणात राष्ट्रीय आयोगाने शिक्षणसंस्था कायद्याबाहेर ठेवल्या. शिकवणी वर्गांना मात्र ही सूट नाही. त्याच वर्षी त्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयाने दाखल करून घेतले. परिणामी, अकोल्यातील ज्या वर्गात मुलगा 'नीट'ची तयारी करतो, त्या वर्गाची फसवी जाहिरात ग्राहक आयोगापुढे नेता येते. पण पुढे ज्या महाविद्यालयात तो साडेपाच वर्षे काढतो, त्याच्याविरुद्ध तोच दरवाजा उघडेल याची खात्री नाही.

विद्या ही विक्रेय वस्तू नव्हे, हा आक्षेप आम्हास मान्य आहे. 1935 साली वंदनीय तुकडोजी महाराजांनी वसविलेल्या या गुरुकुंजात, जेथे आयुर्वेदाचे महाविद्यालयही चालते, तो कोणास अमान्य होईल? परंतु विद्या विक्रेय नाही म्हणजे गुरू उत्तरदायी नाही, असा अर्थ आपल्या शास्त्राने कधीच काढला नाही. शिष्याने आधी शास्त्राची व मग आचार्याची परीक्षा करावी, असे चरक विमानस्थानात सांगतात. सुश्रुत तर शिष्योपनयनाच्या अध्यायात आचार्यालाच वचनबद्ध करतात: तू नीट वागत असता मी अन्यथा वागलो, तर पाप मला लागो आणि माझी विद्या निष्फळ होवो. ग्राहक कायद्याहून हे बंधन कठोर आहे.

वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकरी मुलाच्या शुल्कासाठी कर्ज काढतो. संलग्न रुग्णालयात रुग्णच नसतील, पंचकर्म विभाग कुलपात असेल, अध्यापक केवळ हजेरीपटावर असतील, तर त्या मुलाची हानी पुढे रुग्णाची हानी होते. तोच पदवीधर आपल्या चिकित्सालयात साहाय्यक म्हणून येतो, औषधनिर्माणशाळेत देखरेखीस बसतो. आणि चूक झाली की ग्राहक आयोगापुढे उभा राहतो तो वैद्य, महाविद्यालय नव्हे.

म्हणून न्यायालयाच्या अंतिम शब्दाची वाट पाहत बसणे आम्हास उचित वाटत नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने प्रत्येक आयुर्वेद महाविद्यालयास एक 'लेबल' अनिवार्य करावे. त्या वर्षाच्या प्रवेशास परवानगी आहे किंवा नाही, विषयवार प्रत्यक्ष शिकविणारे अध्यापक, बाह्यरुग्ण व आंतररुग्णांची दैनिक संख्या, प्राधिकरणाने मंजूर केलेले शुल्क, प्रवेश सोडल्यास परताव्याचा नियम आणि आंतरवासितांचे विद्यावेतन, एवढे प्रवेशापूर्वी जाहीर असावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनी विद्यार्थी तक्रार निवारण समिती व लोकपाल यांची तरतूद केली आहे. ती समिती कोठे बसते आणि तक्रार कोणाकडे द्यावी, हेही त्याच लेबलावर असावे.

आपल्या संघटनेने तसा ठराव करून विद्यापीठाकडे पाठवावा. ज्यांच्या संस्था उत्तम चालतात, त्यांना या लेबलाचे भय वाटण्याचे कारण नाही. शुद्ध औषध बनविणारा निर्माता घटकद्रव्ये छापण्यास कधीच कचरत नाही.