तारा त्यांच्या, रान आमचे



कपाशी बोंडावर आली की नेमके तेव्हाच मनोरेवाले बांधावर येतात. पऱ्हाटी तुडवून खुणा रोवतात, पीक नुकसानीच्या कागदावर सही मागतात आणि बजावतात, "सरकारी काम आहे, अडवता येणार नाही." हे अर्धेच खरे आहे.

२००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६४ ने अशा वाहिन्यांना १८८५ च्या तार कायद्याचे अधिकार देता येतात. इंग्रज गेला, त्याची तार राहिली! आमची संमती त्यात लागत नाही. पण त्याच कायद्याचे कलम १० म्हणते की मिळतो तो फक्त वापराचा हक्क, मालकी नव्हे; नुकसान कमीत कमी करा, भरपाई पूर्ण द्या. रक्कम पटली नाही तर कलम १६ प्रमाणे जिल्हा न्यायाधीशाकडे जाता येते. एवढे मात्र कोणी सांगत नाही.

पिकाचे पैसे वेगळे, जमिनीचे वेगळे. ६६ केव्ही व त्यावरच्या वाहिन्यांसाठी केंद्राने २०१५ साली मनोऱ्याच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के सुचवले होते. जून २०२४ मध्ये ते २०० टक्के झाले, तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के. सातबारा आमच्याच नावे राहतो, पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, झाड वाढवता येत नाही. विकायला काढा, गिऱ्हाईक वर बघूनच भाव पाडते.

म्हणून कोऱ्या कागदावर सही नको. पंचनामा उभ्या पिकात करायला लावा, कडबासुद्धा लिहून घ्या, कोणता दर लावला ते लेखी मागा. बैठकीला येताना सातबारा आणि आलेली नोटीस आणा.