जलवाहिनीकाठची वाट स्थानकापर्यंत न्या

मुलुंडहून शीवच्या दिशेने जाणाऱ्या तानसा जलवाहिनीच्या काठाने ३९ किलोमीटर लांबीचा सायकल-मार्ग व पदपथ बांधण्याचा संकल्प मुंबई महानगरपालिकेने २०१७ साली सोडला. मुलुंडच्या बाजूला त्याचे काही तुकडे झालेही. संकल्प चांगला आहे, हे प्रथमच सांगून टाकतो. परंतु ज्या जागेवरून ही वाट जाते ती जागा मोकळी कशी झाली, याचे विस्मरण सोयीस्करपणे होऊ लागले आहे.

तानसाचे पाणी १८९२ पासून या शहराची तहान भागवीत आहे. जलवाहिनीच्या सुरक्षिततेसाठी दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा रिकामी करावी, असे उच्च न्यायालयाने सांगितले. त्या हेतूविषयी आमचा वाद नाही. वाद आहे तो माणसांना कोठे धाडले, याविषयी. हजारो कुटुंबे तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, माहूलला नेऊन टाकण्यात आली. तेथील हवेने माणसे आजारी पडू लागली, तेव्हा ऑक्टोबर २०१८ मध्ये रहिवाशांनी विद्याविहारला याच जलवाहिनीच्या काठी ठाण मांडले. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना अन्यत्र राहण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. एवढी किंमत मोजून मोकळी झालेली भूमी सकाळच्या फेरफटक्यापुरती राखून ठेवायची काय?

या उपनगरांत सायकल चालवतो कोण? पहाटेचा पाववाला, दूधवाला, रात्रपाळी संपवून परतणारा पहारेकरी. आणि चालतो कोण, तर जवळजवळ सगळेच. मुंबई महानगर प्रदेशाच्या २००८ च्या परिवहन अभ्यासातही निम्म्याच्या आसपास फेऱ्या पायीच होत असल्याचे आढळले होते. लाल बहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने एकामागून एक बंद पडले, त्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. पाळीच्या भोंग्याबरोबर निघणारा सायकलींचा लोंढा नाहीसा झाला. चालणारा मात्र तेथेच आहे. तो आता मोटारींच्या रांगेतून अंग चोरून चालतो, एवढेच.

भांडुपच्या टेकडीवरील वस्त्यांतून उतरणाऱ्या माणसाला रोज स्थानक गाठायचे असते. जलवाहिनी त्याच्या घराखालून जाते. स्थानक मात्र शास्त्री मार्गाच्या पलीकडे, पूर्वेला. मधला रस्ता फार लांबीचा नाही, पण त्यावर धड पदपथ नाही. योजनेच्या घोषणेत रेल्वे स्थानकांशी जोडणीचे आश्वासन होते. नकाशावर दोन रेषा जवळ आल्या म्हणजे जोडणी झाली, असे कागदावरच मानता येते. म्हणून आमची मागणी मर्यादित आहे: मुलुंड, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर येथील जलवाहिनीपासून स्थानकापर्यंतचे आडवे रस्ते नव्याने बांधा. दोन्ही बाजूंना सलग पदपथ, त्याला लागून सायकलीसाठी वेगळी पट्टी, आणि शास्त्री मार्ग ओलांडताना माणसाला पुरेसा वेळ देणारा सिग्नल.

रस्ता अरुंद आहे, हे उत्तर येणार हे आम्ही जाणतो. तो अरुंद करतो कोण? कडेला दिवसभर फुकट उभी राहणारी खाजगी मोटार. पदपथ मोकळा करायचा म्हटले की पहिली उचलली जाते ती फेरीवाल्याची गाडी. मोटारीला हात लावण्याचे धैर्य कोणी दाखवीत नाही. (वांद्रे-कुर्ला संकुलातील सायकल-मार्गाचे वाहनतळ झाले, ते सर्वांनी पाहिलेच आहे.) फेरीवाल्यांना जागा आखून देण्याचा कायदा २०१४ मध्येच झाला आहे. नव्या रस्त्याच्या आराखड्यातच त्यांच्या जागा दाखवाव्यात. नाही तर पदपथाच्या नावाने आणखी एक माहूल घडेल.

हॉलंडचा दाखला दिला की आपले अभियंते तेथील सपाट भूमीकडे बोट दाखवतात. भूमी तेव्हाही सपाटच होती. १९७१ साली त्या छोट्या देशात ३,००० हून अधिक माणसे रस्त्यावर मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यात येऊन बसले आणि सरकारला मोटारीची जागा काढून सायकलीला द्यावी लागली. आपल्याकडे विद्याविहारला माणसे रस्त्यावर बसली ती घरासाठी. माहूलमधून त्यांची कायमची सुटका आणि स्थानकापर्यंतचे हे पाच रस्ते, ही दोन्ही कामे महापालिकेने एकाच अंदाजपत्रकात, एकाच मुदतीत धरावीत. पहिले काम मागे ठेवून दुसऱ्याची फीत कापायला कोणी आले, तर त्या समारंभाला आम्ही जाणार नाही.