छंदाचे गुण आणि गुणांचा छंद

दहावीच्या शालान्त परीक्षेचा निकाल लागला, की शंभर टक्के गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मोठ्या कौतुकाने प्रसिद्ध होते. 2017 साली महाराष्ट्रात असे 193 विद्यार्थी निघाले. 2025 साली 211 निघाले. भाषेच्या निबंधातसुद्धा ज्यांचा एक गुण उणा पडला नाही, अशी ही दोनशे मुले पाहून कोणासही विस्मय वाटेल. परंतु या चमत्काराचा बराचसा उलगडा गुणपत्रिकेच्या एका लहानशा रकान्यात सापडतो. सहा विषयांपैकी ज्या पाचांत अधिक गुण पडले असतील त्यांची बेरीज घ्यावयाची आणि तीत चित्रकला, शास्त्रीय गायनवादन, नृत्य, लोककला अथवा खेळ यांबद्दलचे वाढीव गुण मिळवावयाचे, अशी ही रीत आहे. भूमितीत जे सांडले ते तबल्याने भरून काढावे आणि व्याकरणात जे हुकले ते रंगाच्या कुंचल्याने मिळवावे, असा हा हिशोब होय.

हा हिशोब बंद व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते कलांविषयीच्या अनादरातून निघालेले नाही, हे आरंभीच सांगणे अवश्य आहे. ज्या घरात मुलगा संध्याकाळी पेटी घेऊन बसतो, मुलगी खोखोच्या मैदानावरून धुळीने माखून परत येते, ते घर आम्हांस भाग्यवान वाटते. शाळेच्या पुस्तकांबाहेर जे जे म्हणून मुलाचे मन रमवील ते ते त्यास मिळावे, याबद्दल आमच्यात आणि या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांत वाद नाही. वाद आहे तो एवढाच, की ज्या दिवशी छंदास गुण चिकटतात त्या दिवशी तो छंद राहत नाही. तो सातवा विषय होतो. आणि सहा विषयांचे ओझे ज्या मुलास आधीच पेलत नाही त्याच्या डोक्यावर आपण करमणुकीच्या नावाने आणखी एक गाठोडे ठेवतो.

या गुणांचे मोल कसे ठरते, तेही पाहण्यासारखे आहे. 2017 च्या आरंभी सरकारने चित्रकलेच्या शासकीय ग्रेड परीक्षेतील अ श्रेणीस 15, ब श्रेणीस 10 आणि क श्रेणीस 5 गुण देऊ केले. त्याच वर्षाच्या अखेरीस हे आकडे अनुक्रमे 7, 5 आणि 3 झाले. मुलाने काढलेले चित्र तेच, रंग तेच, श्रेणी तीच. परंतु दहा महिन्यांत त्याचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. बाजारात कांद्याचा भाव उतरल्यावर जशी ओरड होते तशीच ओरड तेव्हा झाली. मुलांची दृष्टी वा हात यांत काय उणे पडले, याची चर्चा फारशी झाली नाही. ज्या वस्तूचा भाव चढतो आणि उतरतो तीस आपण माल म्हणतो, विद्या म्हणत नाही, एवढे तरी या प्रकरणावरून आम्ही शिकावयास हवे होते.

आता या गुणांसाठी मुले काय करतात ते पाहा. ग्रेड परीक्षेत स्मरणचित्र नावाचा एक कागद असतो. बाजार, जत्रा, नदीकाठ, पावसातील रस्ता, असे जे मुलाने डोळे उघडे ठेवून पाहिले असेल ते त्याने आठवून काढावे, हा त्याचा हेतू. ज्याने हा कागद प्रथम योजिला तो शिक्षणाचा मर्मज्ञ असला पाहिजे. कारण पाहणे आणि लक्षात ठेवणे हाच चित्रकलेचा पाया होय. परंतु शिकवणीच्या वर्गांतून या कागदाची तयारी कशी होते? चार ठरावीक चित्रे घोटून घेतली जातात. झाड डावीकडे, झोपडी उजवीकडे, पुढे पाठमोरी उभी असलेली बाई आणि तिच्या हाती टोपली. विषय भाजीबाजाराचा आला तर टोपलीत वांगी घालावयाची आणि यात्रेचा आला तर फुगे. मुलास आठवते ते चित्र, बाजार नव्हे. कवितेचा अर्थ पाठ करणे आम्ही निषिद्ध मानीत आलो. आता पाहणेसुद्धा पाठ करून घेतले जाते, आणि त्यास आम्ही कलाशिक्षण म्हणतो!

हा केवळ आमचा तर्क आहे, असे कोणी म्हणेल. त्यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत झालेला एक प्रयोग पाहावा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी तो 1973 साली प्रसिद्ध केला. ज्या लहान मुलांना चित्रे काढण्याची मुळातच आवड होती अशांचे त्यांनी तीन गट केले. एका गटास आधीच सांगितले, की चित्र काढल्यास सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटास काही न सांगता चित्रे काढून झाल्यावर ते अचानक दिले. तिसऱ्या गटास काहीच दिले नाही. पुढे काही दिवसांनी चित्रकलेचे साहित्य मोकळेपणी समोर ठेवले, तेव्हा ज्यांना बक्षिसाचे आमिष दाखविले होते ती मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रे काढीत बसली. आवड होती ती बक्षिसाने वाढली नाही, उलट आटली. तिन्ही गटांची मुले सारखीच चित्रप्रेमी होती. फरक पडला तो केवळ आधी दिलेल्या वचनाने. आमचे सरकार हेच वचन दरवर्षी राज्यातील लाखो मुलांना देत आहे.

संगीताची गोष्ट याहून निराळी नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा गाणे ही मोजक्या घराण्यांची आणि दरबारांची मिरास होती. ती मोडून सामान्य गृहस्थाच्या मुलामुलींना क्रमाने, पायरीपायरीने गाणे शिकता यावे म्हणून अभ्यासक्रम आखले गेले आणि परीक्षा आल्या. ती पायरी गाण्याच्या गाभाऱ्याकडे जाण्यासाठी होती. आज तीच पायरी अकरावीच्या प्रवेशाकडे जाते. दहावीच्या फेब्रुवारीपूर्वी अमुक इतक्या परीक्षा पदरात पडाव्यात म्हणून मुलास गळा नसता गाण्यास बसवितात, आणि निकाल हाती पडताच तानपुऱ्यावर गवसणी चढते ती पुन्हा निघत नाही. गुरूनेही वर्षभर शिकविलेले चार राग हे त्या गुणांचे भाडेच ठरते.

येथे कोणी असे म्हणतील, की गुणांमुळे निदान कलांना आणि खेळांना मानाचे स्थान तरी मिळाले. पूर्वी जे पालक मुलाच्या हातून कुंचला हिसकावून घेत ते आता स्वतः रंगपेटी आणून देतात. हे म्हणणे सकृद्दर्शनी खरे वाटते. परंतु मान कोणाचा झाला, याचा विचार करावा. पालकाने रंगपेटी आणली ती सात गुणांसाठी. उद्या सात गुण सुतारकामास लागले तर तो रंगपेटी मोडीत घालून रंधा आणील. धनिकाच्या दारी उभ्या असलेल्या आश्रितास जेवणाच्या पंगतीत जागा मिळाली म्हणजे त्याचा मान वाढला असे होत नाही. गणिताच्या मागे शेपटीसारखी जोडलेली कला ही गणिताचीच बटीक आहे.

दुसरी गोष्ट न्यायाची, आणि आमच्या मते तीच सर्वांत मोठी. वाढीव गुण कोणास मिळतात? जेथे शिकवणीचे वर्ग आहेत, ग्रेड परीक्षेचे केंद्र जवळ आहे, प्रस्तावाचे कागद वेळेवर भरून पाठविणारा कारकून शाळेत आहे आणि महिन्याची फी देण्याचे सामर्थ्य घरात आहे, त्यास. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात असा नियम आहे, की सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तरच त्या शाळेस कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक मिळावा. म्हणजे गडचिरोलीच्या अथवा नंदुरबारच्या एखाद्या पाड्यावरील शाळेत या तीन वर्गांत मिळून साठ मुले असली, तर त्या साठांना चित्र शिकविणारा माणूस कायद्यानेच मिळू नये! त्या मुलीच्या घराच्या कुडावर तिची आजी तांदळाच्या पिठाने जे रेखाटन करीत असेल ते पाहण्यास शहरांतील लोक पैसे मोजतात. पण ती मुलगी परीक्षेस बसली नाही म्हणून तिच्या रकान्यात शून्य, आणि टोपलीतील वांगी घोटलेल्यास सात. अकरावीच्या प्रवेशात एकेका गुणाने जागा हुकते, हे आपण सारे जाणतो. ज्यास आधीच मिळाले त्यास आणखी देणारी ही व्यवस्था कलेच्या नावावर खपावी, याचा आम्हांस विषाद वाटतो.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो चित्रकलेच्या शिक्षकांकडूनच येतो. ते म्हणतात, गुण काढून घेतलेत तर शाळा आमचा तास उद्याच गणिताच्या मास्तरांना देऊन टाकतील. या भीतीस आधार आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु गुण असूनही चित्रकलेचा तास कितीदा गणिताकडे जातो, हे त्यांनीच आपल्या मनास विचारावे. गुणांनी शिकवण्यांचे वर्ग आणले. शाळेत शिक्षक आणला नाही. रोग अंगणात आणि औषध शेजाऱ्याच्या घरात, अशी ही स्थिती आहे. शिक्षकाचे रक्षण करावयाचे तर त्याच्या पदाचे रक्षण करावे. मुलाच्या गुणपत्रिकेस त्याची काठी करू नये.

गुणांवाचून मुले काही करीत नाहीत, हा समज तर आमच्याच प्रांताच्या इतिहासाने खोटा ठरविला आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी 1924 ते 1930 शिक्षक होते. तेथील वसतिगृहाचा भार त्यांच्याकडे असता त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालविले, आणि पुढे 1928 साली ‘विद्यार्थी’ मासिक काढले. त्या दैनिकाच्या वाचनास कोणी गुण ठेवले नव्हते. शिक्षकाजवळ प्रेम होते, मुलांजवळ वेळ होता. याहून अधिक साधन लागले नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणानेही अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांत भिंत नसावी असे म्हटले आहे. भिंत पाडण्याचा अर्थ अंगणातही परीक्षेची बाके मांडावीत असा आम्ही करून घेतला. घरातील मुलांना अंगणात येऊ द्यावे, हा खरा अर्थ.

तेव्हा आमची मागणी अशी. दहावीच्या बेरजेत एकही वाढीव गुण मिळवू नये. कलेचे प्रमाणपत्र स्वतंत्र असावे आणि जेथे कलेचाच प्रश्न आहे, उदाहरणार्थ कलाशाळेच्या प्रवेशात, तेथेच ते पाहावे. राज्यासाठी वा देशासाठी खेळणाऱ्याचा अभ्यास बुडतो हे खरे. त्यास परीक्षेची निराळी तारीख द्या, प्रवेशात जागा राखा, परंतु धावण्याचे गुण इतिहासात घालू नका. शंभर मुलांची अट रद्द करून जवळजवळच्या चार शाळांमिळून एक कलाशिक्षक आणि एक क्रीडाशिक्षक नेमावा. आणि शाळेच्या वेळेतच, सर्व मुलांसाठी, आठवड्यातून निदान तीन तास असे असावेत, की ज्यांची परीक्षा कोणीही, कधीही घेणार नाही.

सरकारने हे करावे, एवढे म्हणून आमच्या मध्यमवर्गाची सुटका होत नाही. हे गुण मागितले कोणी? रांगेत उभे राहून प्रस्ताव भरले कोणी? पाहुण्यांपुढे मुलास गावयास सांगून, कितवी परीक्षा झाली ते आधी सांगणारे आपणच. मूल काही गुणगुणत असेल तर त्यास वर्गाचा पत्ता देण्यापूर्वी क्षणभर थांबावे. ते काही रेखाटीत असेल तर ‘हे परीक्षेस येते काय?’ असे विचारू नये. ज्या कामाचा हिशोब कोठेही लागणार नाही अशा एखाद्या कामात मुलगा तासभर बुडून गेलेला दिसला, तर तेवढा वेळ त्याच्या वाटेस कोणी जाऊ नये. आयुष्याच्या पुढील चाळीस वर्षांत गुणपत्रिका कपाटात पिवळी पडते. कचेरीतून दमून आलेल्या माणसास संध्याकाळी सोबत करतो तो त्याचा छंदच. तो आपण सात गुणांना विकू नये.