तीन भावांचा रुपया

व्यापारी बोलीत भागीदारीचा हिशेब अजून आण्यांतच होतो. "त्या पेढीत त्यांचे रुपयात चार आणे आहेत," असे म्हटले की शिरूरच्या पेठेत काय किंवा दौंडच्या काय, चौथा हिस्सा हा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी चालू झाली आणि आणा व्यवहारातून गेला. बोलण्यातून मात्र तो गेला नाही. ही केवळ जुनी सवय म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही. त्या रुपयात एक सोय होती, ती आजच्या रुपयात नाही. ती सोय कोणती हे ज्याला कळेल, त्याला शाळेच्या पुस्तकातील 'मूळ अवयव पाडा' हे उदाहरण कशासाठी असते तेही कळेल.

समजा, वडिलांच्या मागे तीन भावांनी एकोप्याने दुकान चालवले आणि दिवाळीला वही पुरी करताना नफ्याचे तीन सारखे भाग करायचे ठरवले. जुन्या हिशेबात रुपयाचे आणे सोळा. सोळाला तीनने भाग जात नाही. प्रत्येकाला पाच आणे दिल्यावर एक आणा उरतो. पण एका आण्याच्या पै बारा, आणि बाराला तीनने भाग जातो. म्हणून प्रत्येकाच्या नावे पाच आणे चार पै. तिन्ही हिस्से सारखे, बाकी शून्य. आता शंभर पैशांचा रुपया घ्यावा. तिघांना तेहतीस-तेहतीस पैसे दिल्यावर एक पैसा उरतो. लाख रुपये वाटले तरी प्रत्येकाला ३३,३३३ रुपये ३३ पैसे मिळून एक पैसा उरतोच. कोटी रुपये वाटले तरी तेच. हा पैसा कोणाचा?

त्या पैशाचे मूळ अवयवांत आहे. जुन्या रुपयाच्या पै १९२. ही संख्या २×२×२×२×२×२×३ अशी बनलेली आहे. आजच्या रुपयाचे पैसे १००; ते २×२×५×५ असे बनलेले आहेत. पहिल्या घडणीत तीनचा अंक आहे, दुसरीत नाही. शंभरापुढे कितीही शून्ये चढवली तरी दोन आणि पाच यांचीच भर पडते, तीनला तिथे जागाच मिळत नाही. जुन्या माणसांनी रुपयाला आण्यांत आणि आण्याला बारा पैंत तोडले, त्यामुळे दोन, तीन, चार, सहा, आठ अशा कोणत्याही वाटेकऱ्यांना रुपया न कुरकुरता वाटला जाई.

कोणतीही संख्या ज्या संख्यांनी नि:शेष भागली जाते ते तिचे विभाजक, म्हणजेच अवयव. ज्या संख्येला एक आणि ती स्वत: यांखेरीज तिसरा विभाजक नसतो ती मूळ संख्या: २, ३, ५, ७, ११, १३, १७ आणि पुढे अनंत. बाकीच्या संयुक्त संख्या या मूळ संख्यांच्या गुणाकाराने घडलेल्या असतात. एक ही संख्या मूळही मानत नाहीत आणि संयुक्तही नाही. जैन गणनेतही 'संख्यात' राशीचा आरंभ एकापासून नव्हे, तर दोनापासून होतो. तिथले कारण निराळे असले तरी हा मेळ मुलांच्या ध्यानात सहज राहण्यासारखा आहे.

मूळ अवयव पाडण्याची रीत समजावताना दौंडचे स्थानक डोळ्यांसमोर आणावे. पुण्याहून येणारा लोहमार्ग तिथे फाटतो. एक फाटा सोलापूरकडे, दुसरा अहिल्यानगरवरून मनमाडकडे. संख्याही तशीच फाटत जाते. ३६० घ्यावेत. एका मुलाने त्याचे ३६ आणि १० असे दोन फाटे केले, दुसऱ्याने १२ आणि ३०. पहिल्याच्या ३६ मधून ६ व ६ निघाले आणि १० मधून २ व ५. दुसऱ्याच्या १२ मधून ३ व ४, आणि ३० मधून ५ व ६. ज्याला आणखी फाटे फुटतात त्याला फोडत जावे, जिथे फुटत नाहीत तिथे थांबावे. शेवटी दोघांच्याही पाटीवर तेच येते: २×२×२×३×३×५. क्रम वेगळा असेल, ऐवज वेगळा असणार नाही. जर्मन गणिती गाउस यांनी १८०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या नियमाची सिद्धता दिली आहे.

बेरजेत असे घडत नाही. १०८ या संख्येकडे पाहावे. श्वेतांबर परंपरेत पंचपरमेष्ठींचे गुण १०८ मोजतात: अरिहंतांचे १२, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५ आणि साधूंचे २७. ही बेरीज झाली, आणि १०८ ची बेरीज आणखी कितीतरी प्रकारांनी मांडता येईल. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात हीच संख्या गुणाकाराने येते. संरंभ, समारंभ व आरंभ हे तीन. मन, वचन व काया हे तीन. स्वत: करणे, करविणे व अनुमोदन देणे हे तीन. क्रोध, मान, माया व लोभ हे चार. ३×३×३×४ म्हणजे १०८. जपमाळेचे मणी हातातून सरकवताना घरातील लहान मूल ही घडण समजून घेऊ शकते. चारचे दोन दुणे केले की मूळ अवयव मिळतात: २×२×३×३×३. याहून वेगळ्या मूळ संख्यांनी १०८ घडवताच येणार नाही.

मूळ अवयव हाती आले की विभाजक किती हेही न मोजता सांगता येते. १०८ मध्ये दोन दोनदा आहे आणि तीन तीनदा. प्रत्येक आकड्यात एक मिळवून गुणाकार करावा: ३×४ म्हणजे बारा विभाजक. शंभरात दोन दोनदा, पाच दोनदा. ३×३ म्हणजे नऊच. कागदाचा जुना व्यवहारही असाच तपासावा. चोवीस तावांचा दस्ता आणि वीस दस्त्यांचे रीम, म्हणजे ४८० ताव. आजचे रीम ५०० तावांचे. वीस ताव वाढले, पण विभाजक चोवीसवरून बारावर आले. वह्या शिवणाऱ्याला सारख्या तावांच्या वह्या करण्याचे अर्धे मार्ग बंद झाले.

मोठ्या संख्येला तोडताना घाबरण्याचे कारण नाही. शेवटचा अंक सम असेल तर दोनने भाग जातो. शून्य किंवा पाच असेल तर पाचने. अंकांच्या बेरजेला तीनने भाग जात असेल तर संख्येलाही जातो. पुढे सात, अकरा, तेरा असे एकेक करून पाहावे. कुठे थांबायचे हेही ठरलेले आहे. ३९७ घेतल्यास, वीसाचा वर्ग ४०० होतो म्हणून एकोणीसपर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. त्यांतल्या एकीनेही भाग जात नाही, म्हणून ३९७ मूळ आहे. तिच्या शेजारची ३९१ तशीच दिसते, पण ती १७×२३ आहे. दिसण्यावर जाऊ नये. व्यापाऱ्याच्या मुलाला हे निराळे सांगायला नको.

या रीतीचा उपयोग घरच्या कामातही होतो. पर्युषणानंतर प्रभावनेसाठी ५०४ पेढे आणि ३६० लाडू आले आहेत, सगळ्या पुड्या सारख्या व्हाव्यात आणि काही उरू नये. जास्तीत जास्त किती घरांना पुड्या देता येतील? ५०४ म्हणजे २×२×२×३×३×७, आणि ३६० म्हणजे २×२×२×३×३×५. दोहोंत सामाईक २×२×२×३×३, म्हणजे ७२. बहात्तर घरे, प्रत्येक पुडीत सात पेढे व पाच लाडू. हाच महत्तम सामाईक विभाजक, शाळेतला मसावि.

लघुतम सामाईक विभाज्य, म्हणजे लसावि, याची रीत भारतीय गणितात स्पष्टपणे मांडणाऱ्यांत महावीराचार्यांचे नाव अग्रभागी आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास त्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. अपूर्णांकांची बेरीज करताना छेदांतील सामाईक अवयव काढावेत, उरलेल्या भागाकारांनी त्यांना गुणावे, आणि येणाऱ्या संख्येला त्यांनी 'निरुद्ध' असे नाव दिले. एका भागीदाराचा हिस्सा बाराव्या भागात आणि दुसऱ्याचा अठराव्या भागात सांगितला असेल, तर सामाईक सहा, उरले दोन व तीन. ६×२×३ म्हणजे ३६. छत्तीस भाग करावेत, दोघांचाही हिशेब पूर्ण अंकांत बसतो. हा ग्रंथ हिंदी अनुवादासह १९६३ मध्ये सोलापूरहून जीवराज जैन ग्रंथमालेत निघाला. दौंडला फाटणाऱ्या त्याच मार्गावरचे ते सोलापूर.

त्याहून जुना दाखला अनुयोगद्वारसूत्रात आहे. मनुष्यांची संख्या सांगताना तिथे एकोणतीस स्थानांची एक राशी येते, आणि तिची ओळख अशी दिली आहे की तिला शहाण्णव वेळा निम्मे करता येते. म्हणजे दोन हा एकच मूळ अवयव, शहाण्णव वेळा. एकोणतीस अंक लिहीत बसण्याऐवजी एका वाक्यात ती राशी नेमकी सांगितली गेली. वीरसेनाचार्यांनी नवव्या शतकाच्या आरंभी 'धवला' टीकेत या निम्मे करण्याच्या गणतीला 'अर्धच्छेद' म्हटले, आणि तीनने भागण्याच्या गणतीला 'त्रिकच्छेद'. 'धवला'चे संपादन होऊन पहिले खंड १९३९ पासून अमरावतीहून प्रसिद्ध झाले.

आज दुकानाच्या गल्ल्याशेजारी यंत्र असते आणि भागाकार ते करते. अवयव पाडण्याची विद्या मात्र निरुपयोगी ठरलेली नाही. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी अशी कुलूपपद्धत मांडली की जिचा आधार दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार हा आहे. गुणाकार क्षणात होतो. उत्तरावरून ते दोन अवयव शोधणे महाकठीण. २०२० मध्ये अशी एक २५० अंकी संख्या फोडली गेली, तेव्हा असंख्य संगणक एकत्र राबले. संगणकजाळ्यावरील अनेक व्यवहारांची कुलुपे याच अवघडपणावर विसंबून आहेत.

यंत्र बाकी दाखवते. वाटणी करण्याआधी ती उरणार की नाही हे ओळखण्याची दृष्टी माणसाची. भाऊ तीन असतील तर भांडवलाचे शंभर भाग पाडून करार लिहू नये, नव्वद किंवा शहाण्णव पाडावेत, हे ज्याला आधी सुचते त्याच्या घरात उरलेल्या पैशावरून बोलणे होत नाही. आणि तरीही एखादा पैसा उरलाच, तर जुन्या पेढ्यांच्या वह्यांत धर्मादा किंवा जीवदयेचे खाते असे. तो पैसा तिथे जमा करावा. तिन्ही भावांच्या नावे मग सारखेच आकडे राहतात.

मुलांनी आजी-आजोबांजवळ बसून पुढील तीन उदाहरणे सोडवावीत. शेराचे तोळे ऐंशी. त्याचे मूळ अवयव पाडून शेर तिघांत पूर्ण तोळ्यांनी वाटता येईल का ते सांगावे. एक मालगाडी दर पंधरा दिवसांनी आणि दुसरी दर वीस दिवसांनी येते. आज दोन्ही आल्या, तर पुन्हा एकाच दिवशी केव्हा येतील? २२१ आणि २२३ यांपैकी मूळ कोणती? उत्तरे पुढील अंकात.