आरोग्य संवादाच्या पदव्युत्तर शिक्षणाबाबत निवेदन

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : आरोग्य संवादाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम व त्यानुसार पदभरती.

महोदय,

आम्ही वृत्तपत्रविद्या, समाजकार्य व सार्वजनिक आरोग्य या विषयांचे पदव्युत्तर विद्यार्थी पुढील मागण्या सादर करीत आहोत. लोकांशी संवाद नसला की उपाय फसतो, हे त्यामागचे कारण.

१८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरझडत्या घेतल्या आणि लोक रोगीच लपवू लागले. २०२२ च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीत गोवर पसरला. सरकारी लस मोफत होती, तरी अनेक मुले लसीविना राहिली होती. याउलट पोलिओचे पाहा. उत्तर प्रदेश-बिहारमध्ये डोस नाकारणाऱ्या घरांत त्याच वस्तीतल्या बायका पुन्हा पुन्हा गेल्या, शंका ऐकून घेतल्या. देशातला वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावड्यात आढळला. नुसत्या भित्तिपत्रकांनी पोलिओ हटला नसता. तरीही आपल्याकडे ‘जनजागृती’ म्हटले की आधी फलकाची निविदा निघते.

म्हणून नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ व राज्यातील वृत्तपत्रविद्या विभाग यांनी मिळून दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवावा, ही आमची मुख्य मागणी आहे. त्यात साथरोगशास्त्र, वर्तनशास्त्र, आकडेवारीचे वाचन आणि अफवांचा माग हे विषय असावेत. मजकूर छापण्याआधी तो वस्तीत वाचून दाखवून तपासण्याची शिस्तही तिथेच लागावी. एक पूर्ण सत्र प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. कोरकू, माडिया, भिली यांपैकी एका भाषेत काम करणाऱ्यास विद्यावेतन मिळावे. मेळघाटातल्या कोरकू आईला प्रमाण मराठीतल्या फलकाचा उपयोग किती? (तो फलकही बहुधा बैठकीच्या खोलीतच लागतो.)

शिकून करायचे काय, हा प्रश्न घरचेही विचारतात. रुग्णालयांतील समुपदेशन, औषधचाचण्यांची संमतिपत्रे सामान्य माणसाला कळतील अशी लिहिणे, वृत्तपत्रांतील आरोग्य वार्तांकन, स्वयंसेवी संस्थांच्या मोहिमा, अशी कामे आहेत. पण सर्वांत मोठा नियोक्ता शासनच असणार. तेव्हा जिल्हा पातळीवरील माहिती, शिक्षण व संवादाच्या पदांसाठी ही पदवी ग्राह्य धरावी आणि ती पदे अतिरिक्त कार्यभारावर चालवू नयेत. अनुभवी आशा व आरोग्यसेविकांसाठी अल्पमुदतीचा प्रमाणपत्र वर्गही असावा. वस्तीची नाडी त्यांना आमच्याहून अधिक कळते.

पुढील शैक्षणिक वर्षापूर्वी सार्वजनिक आरोग्य व वैद्यकीय शिक्षण या दोन्ही खात्यांची संयुक्त बैठक बोलवावी, त्यात आमच्या प्रतिनिधींना वेळ द्यावा व निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
पदव्युत्तर विद्यार्थी

प्रत : मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री